त्रेचाळिसाव्या पानापुढे

४ जानेवारी

नवी वही, जुनी खोड. यंदा रोज लिहीन असं काही म्हणत नाही, दर वर्षी म्हणते आणि तोंडघशी पडते.

आज दादाच्या नव्या पुस्तकाच्या सहा प्रती वाचनालयात आल्या. ग्रंथपालबाई स्वतः तळघरात घेऊन आल्या. एरवी त्या जिन्यावरूनच हाक मारतात. म्हणाल्या, "तुमच्या बंधूंचं आहे, प्लॅस्टिकचं कव्हर तुमच्याच हातून चढू दे."

चढवलं. मुलांच्या वाचनालयात पुस्तकं दुरुस्त करायचं काम मी एकतीस वर्षं करते आहे, पण कोऱ्या पुस्तकाला हात लावायची वेळ फार कमी येते. माझ्याकडे येतात ती हातपाय मोडलेलीच. दादाचं पहिलं पुस्तक, 'तळ नसलेली पेटी', त्याच्या एकाच प्रतीला मी अकरा वेळा नवी शिलाई घातली आहे. त्यात मुंगी नावाची सात वर्षांची मुलगी लपाछपी खेळताना कागदाच्या पेटीत लपते. पेटीला तळच नसतो, खाली अख्खं गाव असतं. ती परत येत नाही. शेवटच्या ओळीत पेटीचं झाकण किलकिलं राहतं आणि पुस्तक संपतं. पस्तीस वर्षं मुलं त्याला पत्रं पाठवून विचारत आली, पुढे काय झालं? दादा नुसता हसायचा. आता पासष्टाव्या वर्षी त्याने उत्तर लिहिलं आहे. नाव 'पेटीबाहेर'.

पाचला कपाटं उघडून बघितली, रद्दीच्या पेटाऱ्याचं झाकण उचलून बघितलं आणि निघाले.

११ जानेवारी

सोमवार, म्हणजे दादा. चारला येतो, स्टुलावर बसतो, मी काम करते आणि तो माझ्या खळीच्या वासाला नावं ठेवतो. आम्ही दोघं बाबांच्या बाइंडिंगच्या कारखान्यातच वाढलो, पण त्याला खळीचा वास कधी सोसला नाही. लेखक झाला ते बरंच झालं.

"आलं का एखादं दुरुस्तीला?" बसायच्या आधीच विचारलं.

"अरे, आठवडा झालाय. मुलं आहेत की उंदीर?"

बाबा म्हणायचे, पुस्तक फाटलं म्हणजे वाचलं. मुलांच्या पुस्तकाबद्दल ते अगदी खरं आहे. परीक्षणं काय, मोठी माणसं लिहितात. मला विचाराल तर पुस्तक कुठवर वाचलं गेलं ते डागांवरून कळतं. मोठी माणसं पान वरच्या कोपऱ्यातून उलटतात, मुलं खालून, अख्खा हात घासून. चांगल्या पुस्तकात तो मळका पट्टा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जातो. वाईट पुस्तकात मध्येच पांढरंशुभ्र सुरू होतं. दादालाही हे येतं, बाबांनी दोघांना एकदमच शिकवलं होतं.

जाता जाता म्हणाला, "आणि तू? कुठवर आलीस?"

प्रकाशनाच्या दिवशी त्याने माझ्या नावाने एक प्रत दिली होती. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

"त्रेचाळीस," मी म्हटलं.

"गेल्या महिन्यातही त्रेचाळीसच होतं."

"कामं असतात रे माणसाला."

१९ जानेवारी

पेपरात परीक्षण आलं. 'दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा, किंबहुना काकणभर सरस.' ग्रंथपालबाईंनी कात्रण सूचनाफलकावर लावलं.

आज तीन प्रती परत आल्या, म्हणून खाली मागवून घेतल्या. एकीवर पट्टा एकेचाळीसपर्यंत. दुसरीवर चव्वेचाळीस. तिसरीवर एकोणचाळीसला बिस्किटाचा तेलकट ठिपका आणि त्यापुढे सगळं कोरं. हे माझ्या परीने परीक्षण.

नवल काही नाही. माझा एकतीस वर्षांचा हिशोब असा की पहिला भाग तीनदा शिवावा लागतो, दुसरा एकदा, आणि तिसरा नवाच्या नवा रद्दीत जातो. पहिलं पुस्तक लेखक मुलांना सांगतो, दुसरं स्वतःलाच सांगत बसतो. पण दादाचं तसं होऊ नये असं वाटत होतं, हेही खरं.

२३ जानेवारी

ग्रंथपालबाईंनी मुलांची चर्चा ठेवली. विषय, दुसरा भाग पहिल्याइतका चांगला असतो का? पंधरा मुलं सतरंजीवर. दादाला बोलावलं नव्हतं, हे देवानेच सुचवलं असणार. मी खुर्च्या हलवायच्या निमित्ताने थांबले.

दोन वेण्यांवाली एक मुलगी आहे, तिसरी-चौथीतली, पुस्तकं खाते अक्षरशः, कोपरे चावलेले असतात. तिला बाई म्हणाल्या, "तुला का नाही आवडलं ग?"

ती म्हणाली, "त्यात मुंगी मोठी होऊन बाहेर येते. मग तिच्याबरोबर खेळणार कोण?"

बाई म्हणाल्या, "पण पुढे काय झालं ते कळायला नको का?"

"आम्हाला माहीत होतं की. ती खाली होती. मी रोज तिच्यासाठी खिडकीत गोळी ठेवायचे. आता ठेवत नाही."

मुलं हसली. मला हसू आलं नाही. मी खाली जाऊन खळ ढवळत बसले, ढवळायची गरज नव्हती तरी.

३१ जानेवारी

वहीत कधी लिहिलं नाही, ते आज लिहिते.

मुंगी खरी होती. आमची धाकटी. नाव वेगळं होतं, पण इवलीशी म्हणून मुंगी. मी अकरा वर्षांची, दादा चौदाचा, ती सात. बाबांच्या कारखान्यात लपाछपी चालली होती. राज्य माझ्यावर होतं. मी शंभर म्हटलं, दोन खोल्या बघितल्या, कागदाच्या मोठ्या पेटीपाशीसुद्धा गेले. ती उघडली नाही. का उघडली नाही ते मला आठवत नाही. एकावन्न वर्षं आठवून बघते आहे. पेटीसमोर मी उभी आहे, इथवर दिसतं, आणि मग एकदम बाबांच्या टेबलावर शिवायला आलेलं गोष्टीचं पुस्तक दिसतं. म्हटलं, एक पान वाचते नि मग शोधते. वीस पानं वाचली.

दादाला बाबांनी पुठ्ठे आणायला पाठवलं होतं. तो परत आला, मुंगी कुठे म्हणाला, आणि सरळ पेटीकडे पळाला. त्यानेच झाकण उघडलं. उशीर झाला होता. मला नेहमी वाटतं, तो नुकता दारातून आला आणि त्याला पेटी सुचली, मी तिथेच असून मला ती उघडायचं कसं सुचलं नाही?

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. आई तर नाहीच. पण ते पुस्तक पुढे मी शिवायला घेतलं तेव्हा बाबांनी माझ्या हातातून काढून घेतलं होतं, तेवढं आठवतं.

तेव्हापासून मी गोष्टी वाचत नाही, डाग वाचते. दादाचं पहिलं तेवढं वाचलं, तेही उभ्याने. त्याने तिला जिवंत ठेवलं म्हणून मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. आणि ह्या दुसऱ्यात, त्रेचाळिसाव्या पानावर, झाकण आतून उचललं जातं आणि एक हात बाहेर येतो. मोठ्या बाईचा हात. तिथे मी पुस्तक मिटते. लोक म्हणतात भुताची भीती वाटते. मला हाताची वाटते, तो मला काय म्हणेल त्याची.

कपाटं दोनदा बघितली. रद्दीच्या पेटाऱ्याला झाडूवाल्याने बाहेरून कडी लावून ठेवली होती. काढली. त्याला हजारदा सांगितलंय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

८ फेब्रुवारी

सकाळी वहिनीचा फोन. दादाच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. सतरा तारखेला शस्त्रक्रिया.

तरी चारला आलाच. जिना उतरून धाप लागली. मी पाणी दिलं. पाणी ठेवून त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. "फाटलं का ग एखादं?"

"तुला स्वतःच्या छातीचं पडलेलं नाही, पुस्तकाचं पडलंय."

"छातीचं डॉक्टर बघतील. पुस्तकाचं तूच सांगू शकतेस." मग स्टूल पुढे ओढत, "कुठवर गेलंय ते तरी सांग."

मी म्हटलं, प्रती सगळ्या बाहेर आहेत, पुढच्या सोमवारी दाखवते. खोटं. चार प्रती त्याच्या पाठीमागच्या फळीवर होत्या, अंगावर सुरकुती नाही.

पाचला मी कपाटं उघडायला लागले, तो बसूनच होता. खाली मान घालून. दर सोमवारी हे बघतो, पण आज म्हणाला, "राहू दे ना एक दिवस."

"सवय आहे रे," मी म्हटलं.

१२ फेब्रुवारी

आज मी जे केलं ते बाबांनी बघितलं असतं तर कानाखाली वाजवली असती.

दुपारी दार लावून 'पेटीबाहेर'ची एक प्रत घेतली आणि तिची चाळीस वाचकांइतकी दुर्दशा केली. कणा दोनदा मोडला. दोन पानं ओढून सैल केली. काजळीत जरासं तेल कालवून अंगठा बुडवला आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर, मुलांसारखा, घासत गेले. काम करताना मी उजव्या अंगठ्याला रबरी टोपी घालते, ती काढून ठेवावी लागली, रबराचा डाग खरा दिसत नाही. पहिल्या पानापासून एकशे अठ्ठावीसपर्यंत. एक शब्द वाचला नाही. त्रेचाळीसला डोळे मिटून उलटलं. चौऱ्याण्णवाला बिस्किट चुरडलं. आपल्या हाताने आपलं नाक कापणं म्हणतात ते हेच. इतकी वर्षं मी डागांवर विश्वास ठेवला, आणि आता डागच खोटे केले.

पण तो शस्त्रक्रियेला जाणार आहे. मुलांनी शेवटपर्यंत वाचलं एवढं डोळ्यांनी बघून जाऊ दे.

१५ फेब्रुवारी

फसलं. म्हणजे मला तरी वाटतं फसलं.

दादा आला. मी ऐटीत प्रत पुढे ठेवली. म्हटलं, "घे, फाटलं एकदाचं तुझं पुस्तक."

त्याने खिशातून भिंग काढलं. आजकाल त्याशिवाय त्याला दिसत नाही. पहिली दहा-बारा पानं बघताना हसत होता. मग हसू गेलं. एका डागावर भिंग धरून कितीतरी वेळ बसला. मग माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, मग पुन्हा पानाकडे. मी अंगठा मुठीत लपवला. तेव्हा लक्षात आलं. लहानपणी पुठ्ठा कापायच्या सुरीने माझा अंगठा उभा चिरला होता, त्याची रेघ प्रत्येक ठशात उमटते. त्यासाठीच तर टोपी घालते. बाबा तिला माझी सही म्हणायचे. एकशे अठ्ठावीस पानांवर मी सही करून ठेवली होती. शहाणी ती शहाणी, आणि वर दीड.

दादाने शेवटची पानं बघितली. तिथेही मी होतेच. "शेवटपर्यंत गेलीस?" त्याने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

चोरी पकडली गेल्यावर आडवेढे कशाला. म्हटलं, "गेले. एकही पान सोडलं नाही."

"आणि तुला काही म्हणायचं नाही मला?"

"काय म्हणायचंय? झालं ते झालं. तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर माझं काही नाही."

मला वाटलं चिडेल, निदान टोमणा मारेल. तो रडला. भिंग मांडीवर ठेवून, तोंडावर हात घेऊन, आई गेली तेव्हाही असा रडला नव्हता. मी घाबरले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिले, अरे, मुलांचं काय मनावर घ्यायचं, आज नाही तर उद्या वाचतील. तो मान हलवत होता आणि माझा अंगठा धरून बसला होता.

जाताना जिना चढला तो धाप न लागता. मला वाईट वाटतंय. दुसरा भाग कुणी वाचत नाही हे त्याला असं, माझ्याच हातून कळायला नको होतं.

१७ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया नीट झाली. तो शुद्धीवर यायचा आहे.

बाकावर वहिनी आणि मी. वहिनीने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू? सोमवारी घरी आले ते मला म्हणाले, तिने शेवटपर्यंत वाचलं, आणि झालं ते झालं म्हणाली. दोन वेळा जेवायला वाढून घेतलं. मी टाइप करतानाच म्हणत होते, हे पुस्तकात कशाला, बहिणीला तोंडाने सांगा. तर म्हणाले, तोंडाने एकावन्न वर्षांत जमलं नाही."

मी "हो" म्हटलं. काय हो ते मला माहीत नव्हतं.

घरी न जाता सरळ वाचनालयात गेले. खणातून माझी प्रत काढली. पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलं आहे, 'ताईसाठी'. मला ताई कुणी म्हणत नाही. म्हणायची ती एकटी मुंगी.

१८ फेब्रुवारी

वाचलं. बसून वाचलं.

हात मुंगीचाच आहे. ती बाहेर येते, पेटीच्या काठावर बसते. पुस्तकातली मोठी बहीण रोज संध्याकाळी घरातली सगळी कपाटं उघडून बघणारी एक म्हातारी आहे. सत्त्याण्णवाव्या पानावर मुंगी तिला म्हणते, 'ताई, तू आली होतीस पेटीपाशी. मी तुझे पाय ऐकले. तू म्हणालीस, इथे नसणार, बाहेरून कडी आहे. बरोबरच होतं तुझं. कडी दादाने घातली होती. मला आत शिरताना बघून हसला, गंमत म्हणून घातली, आणि मग बाबांनी त्याला पुठ्ठे आणायला पिटाळलं. परत आला तेव्हा कडी तशीच होती. काढली त्यानेच, म्हणून कुणाला कळलं नाही.'

इथे नसणार, बाहेरून कडी आहे. मी म्हणाले होते. मोठ्याने म्हणाले होते. दादा परत येऊन मुंगी कुठे म्हणाला, तेव्हा त्यालाही हेच सांगितलं होतं. आठवलं. पितळी कडी होती, तिच्यात लाकडाची खुंटी.

त्यापुढची तीस पानं मुंगी काही बोलत नाही, दादा बोलतो. माफी मागतो, मग पुन्हा मागतो. पुस्तक म्हणून पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. दोन वेण्यांवालीचं बरोबर होतं. हे मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच.

चौदा वर्षांचा होता, गंमत केली. ते मी समजू शकते. खरंच समजू शकते. पण तो दर सोमवारी स्टुलावर बसून मला कपाटं उघडताना बघत होता. एक सोमवार पुरला असता. दोन शब्द पुरले असते. ते सोडून त्याने दोन पुस्तकं लिहिली.

आणि मी त्याला माफ करून बसले आहे. न वाचता. बोटाला काजळी लावून.

२२ फेब्रुवारी

सोमवार. आज मी गेले त्याच्याकडे, चारला.

वहिनी चहा प्यायला बाहेर गेली. दादा उशीला टेकून बसला होता, छातीवर ही एवढी पट्टी. मला बघून चेहरा असा फुलला की मनात आलं, गप्प बसावं. कोणाचं काय जातंय? पण गप्प बसण्याचं काय होतं ते आमच्या घराने बघितलं आहे.

"दादा, ते डाग खोटे होते," मी म्हटलं. "तुला बरं वाटावं म्हणून केले. मी तेव्हा त्रेचाळीसच्या पुढे गेलेच नव्हते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग झालं ते झालं म्हणालीस ते?"

"ते डागांबद्दल."

शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरत होता.

"आता वाचलंस?"

"आता वाचलं. पुस्तक फारसं चांगलं नाही."

त्याला हसू आलं, टाके दुखले, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मी पाण्याचा पेला दिला आणि जे म्हणायचं होतं ते म्हटलं. "कडीचं मी बघेन काय करायचं ते. पोरवय होतं. पण तू मला एकावन्न वर्षं शोधत ठेवलंस. तुला माहीत होतं कुठे काय आहे, आणि तू मला शोधू दिलंस. ते मला अजून गिळता येत नाही."

"नको गिळूस," तो म्हणाला. "भांड माझ्याशी."

"भांडायचंच आहे. आजारी माणसाशी भांडता येत नाही, तेवढीच अडचण आहे. आधी बरा हो."

"सोमवारी येऊ? चालायला लागलो की?"

मी त्याची चादर नीट केली. म्हटलं, "स्टूल कुठे जात नाही."

२३ फेब्रुवारी

दोन वेण्यांवालीने आज 'तळ नसलेली पेटी' परत केली. कणा पार गेला आहे. बाराव्यांदा शिवायला घेतली. शेवटच्या पानाचा कोपरा चावलेला आहे, तो मी तसाच ठेवला.

पाचला दिवा मालवला आणि कपाटं न बघता निघाले. आता कारण उरलं नाही, असं स्वतःला समजावत फाटकापर्यंत गेले. फाटकाशी उभी राहिले. मग परत आले.

कपाटं नाही उघडली. रद्दीच्या पेटाऱ्याला मात्र पुन्हा बाहेरून कडी लागलेली होती. ती काढून झाकण उचललं, आत रद्दी होती. पेचकस घेतला, खाली बसले आणि कडीचे चारही स्क्रू काढले. गंजले होते, वेळ लागला. उद्या ग्रंथपालबाई विचारतील कडी कुठे गेली, तर सांगेन, निघाली.